दोन तांबे आवाज

रेश्मा मासाळला मत नाही असा विषय सोलापुरात अजून निघायचा होता. शाळेत पाचवीचा वर्ग सांभाळून घरी आली की शेंगाचटणीपासून महापालिकेपर्यंत सगळ्यांची ती तोंडी परीक्षा घ्यायची, आणि त्यात पास होणारे फार थोडे असायचे. त्यामुळे मोबाईलवरच्या ‘वाचू-बघू’ नावाच्या गटात तिचा भाव भलताच वधारलेला होता. गटात चौदा जण, बहुतेक सगळे शिक्षक, आणि बँकेतून निवृत्त झालेले गुरुशांत सर त्यांचे म्होरके. महिन्याला एक चित्रपट बघायचा, एक पुस्तक वाचायचं आणि आपलं मत फोनमध्ये बोलून गटावर टाकायचं, एवढाच नियम. टाइप करायला कुणाला सवड नव्हती, बोलायला मात्र सगळ्यांना होती. रेश्माचं मत सात-आठ मिनिटांचं असायचं आणि लोक ते पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. आवाजही तसाच होता तिचा, चाळीस पोरांच्या गोंधळातून शेवटच्या बाकापर्यंत सरळ जाणारा.

त्याच आवाजाच्या खाली, गळ्यात, तिला गाठ निघाली.

शुक्रवारी ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा सात वर्षांची प्रियदर्शनी बरोबर होती. नवरा धनाजी कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात, तो शनिवारी यायचा. सासू केराबाई सांगोल्याकडे गावी. पोरीला ठेवणार कुणाकडे? ती कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय हलवत बसली होती. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं. गाठ साधी दिसते, म्हणाले, पण काढायला हवी. आवाजाची नस तिला अगदी चिकटून जाते. शंभरात दोघाचौघांचा आवाज बसतो, त्यातल्या बहुतेकांचा परत येतो. ऑपरेशन पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी.

‘बहुतेकांचा’ हा शब्द रेश्माने मुकाट्याने घरी आणला आणि कुणाला दाखवला नाही. धनाजीला फोनवर सांगितलं, किरकोळ आहे. मग रविवारी, भीती घालवायला म्हणून, ती आतल्या खोलीत फोन घेऊन बसली आणि त्या महिन्याची दोन्ही मतं एका दमात बोलून टाकली.

चित्रपट सहकुटुंब बघायचा, परीकथेचा होता. जंगलातली एक म्हातारी एका घरातल्या माणसांचे आवाज भोपळ्यात कोंडून ठेवते आणि शेवटी धाकटी मुलगी गाणं म्हणून तो भोपळा फोडते. मायलेकींनी तो मागच्याच आठवड्यात बघितला होता. रेश्माने त्याची सालटी काढली. नुसता साखरेचा पाक आहे, म्हणाली. गाण्याने भोपळे फुटत नसतात, गेलेलं असं परत येत नसतं, पोरांना किती दिवस खोटं सांगायचं? मग ती कादंबरीकडे वळली. विज्ञानकथा. दूरच्या एका ग्रहावरची माणसांची वस्ती, तिथे हवा तुटपुंजी. प्रत्येक घराला हवेची एकच टाकी, आणि बोललं की हवा संपते. म्हणून घरातलं एक माणूस गप्प राहतं, तेव्हा दुसऱ्याला बोलता येतं. रेश्माला हे पुस्तक मनापासून आवडलं होतं. ती म्हणाली, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, कारण हे विज्ञान आहे. आणि बोलता बोलता तिने आणखीही काही दाखले दिले. ते काय होते हे तिला नंतर आठवलं नाही. आपण काय बोललो हे लक्षात ठेवायची सवय बोलक्या माणसांना नसते.

सोमवारी सकाळी प्रियदर्शनी बोलायची थांबली.

आधी रेश्माला वाटलं, रुसली असेल. दूध घेतलं, दप्तर भरलं, वेणी घालून घेतली, पण ‘हं’ नाही की ‘हूं’ नाही. संध्याकाळी शाळेतून फोन आला की प्रार्थनेला ओठ हलत नाहीत, हजेरीला नुसता हात वर करते. मंगळवारी केराबाई आल्या. धनाजीने रजा टाकली. बालरोगतज्ज्ञांनी टॉर्च मारून घसा बघितला, कान बघितले, सगळं ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, अलीकडे काही भीतीचं बघितलं का हिने?

रेश्माने भोपळ्याचा चित्रपट सांगितला. डॉक्टर ‘बरोबर’ म्हणून मान हलवू लागले. जबरदस्ती करू नका, म्हणाले, आपोआप बोलेल.

आपोआप काही होईना. केराबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली, बिरोबाचा भंडारा कपाळाला लावला. पोरगी शहाण्यासारखी उभी राहिली. ती हसायची, पण ओठ मिटून. दिलेलं खायची, गृहपाठ करायची, रात्री आईच्या पोटाला बिलगून झोपायची. वेडीवाकडी एकही गोष्ट करत नव्हती, आणि त्याचीच रेश्माला जास्त भीती वाटत होती. आजारी पोर आजारी दिसतं. ही आजारी दिसत नव्हती, फक्त तिच्यातला आवाज कुणीतरी काढून नेला होता.

शुक्रवारी न्हाणीघराच्या दारात तिचं बोट सापडलं. रेश्मा स्वयंपाकघरात होती. तिला काहीच ऐकू आलं नाही. सहज मागे वळून बघते तर प्रियदर्शनी दारापाशी उभी, बोट काळंनिळं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, छाती भात्यासारखी खालीवर होतेय आणि तोंड घट्ट बंद. दुसऱ्या हाताने तिने स्वतःचेच ओठ दाबून धरले होते. रेश्मा पातेलं टाकून धावली. तिने पोरीला उचललं, बोट नळाखाली धरलं, नळ कोरडा निघाला, मग पिंपातलं पाणी ओतलं. ‘रड की गं, मोठ्यानं रड,’ असं ती म्हणत राहिली. प्रियदर्शनी तिच्या खांद्यात तोंड खुपसून थरथरत राहिली, पण हुंदकासुद्धा बाहेर आला नाही. त्या क्षणी रेश्मा जेवढी घाबरली तेवढी गाठीचं चित्र बघूनही घाबरली नव्हती.

घाबरलेल्या माणसाला राग काढायला कुणीतरी लागतं. त्याच संध्याकाळी तिने फोन उचलला आणि चित्रपटाबद्दल दुसरं मत बोलायला घेतलं. हा चित्रपट पोरांना दाखवू नका, माझ्या लेकीची त्याने वाचा गेली, असं काय काय बोलत तिचा आवाज चढत गेला. तेवढ्यात प्रियदर्शनी धावत आली. तिने आईच्या मांडीवर चढून तिच्या तोंडावर हात ठेवला, सुजलेलं बोट तसंच, आणि जोरजोरात मान हलवू लागली. चित्रपटाचं नावसुद्धा हिला सहन होत नाही, असा रेश्माने अर्थ लावला आणि फोन बंद केला. अर्थ लावण्यात ती हुशार होती.

दिवस सरत चालले तसा रेश्माच्या मनात एक नवाच हिशेब सुरू झाला. गुरुवारी गळा कापणार. आवाज गेला तर आपण मुक्या, आणि पोर तर मुकीच. मग या घरात कोण कुणाला हाक मारणार? शाळेत फळ्यासमोर उभी राहिली की ती मधेच थांबायची आणि स्वतःचा आवाज ऐकायची. धनाजीला तिने शेवटी खरं सांगितलं. तो म्हणाला, ऑपरेशन पुढं ढकलू का? पण डॉक्टर म्हणाले की गाठ थांबायची नाही.

बुधवारी पाण्याचा दिवस होता. त्यांच्या भागात नळ पाचव्या दिवशी येतो, आणि आला की सणासारखी धांदल उडते. दुपारी तीनला पाइप गुरगुरला. पहिली दहा मिनिटं पाणी पिवळट, गढूळ. ते प्रियदर्शनीने सवयीने जुन्या बादलीत संडासासाठी धरलं. मग नितळ आलं तशी केराबाईंनी निळ्या पिंपाला नळी लावली. पिंपाच्या वर भिंतीवर रेश्माच्या वळणदार अक्षरात एक कागद चिकटवलेला होता, ‘पाणी सांडू नये’. या घरातली पोरं पाढ्यांच्या आधी पाण्याचे नियम शिकतात. प्रियदर्शनी तिसऱ्या वर्षापासून दोन तांब्यांत अंघोळ करायची आणि त्याचा तिला कोण अभिमान.

आत रेश्मा उद्याची पिशवी भरत होती. दोन गाऊन, टॉवेल, रिपोर्टची फाईल. गाऊनच्या घडीत तिच्या हाताला कागद लागला. चित्रकलेच्या वहीचं पान चौकोनी घडी करून ठेवलेलं. तिने ते उघडलं. निळ्या खडूने एक पिंप रंगवलेलं होतं. पिंपावर खालून वर आडव्या रेघा, एकेका रेघेपुढे वार. सोम, मंगळ, बुध, गुरू, असं करत दुसऱ्या बुधवारपर्यंत. शेवटची रेघ पिंपाच्या काठाला टेकलेली. आणि वर, भिंतीवरच्या कागदातल्यासारखीच वळणं काढायचा प्रयत्न करून लिहिलेलं होतं:

‘आईचा आवाज. सांडू नये.’

रेश्मा पलंगावर बसली. तिला आधी काही कळलंच नाही, आणि मग सगळं एकदम कळलं. तिने फोन घेतला, गटात मागे मागे गेली आणि त्या रविवारचं स्वतःचं मत कानाला लावलं. तिचाच खणखणीत आवाज सांगत होता: ‘ही कल्पना आपल्या सोलापूरकरांना पटकन कळेल बघा. आमच्या घरी पाणी पाचव्या दिवशी. माझी लेक दोन तांब्यांत अंघोळ करते म्हणून मला चार मिळतात. आवाजाचं तसंच. घरातल्या एकानं राखला की दुसऱ्याला पुरतो. हे परीकथेसारखं खोटं नाही. हे खरं आहे.’

म्हणजे या सगळ्यात तो चित्रपट बिचारा कुठेच नव्हता. प्रियदर्शनीने आईचं ऐकून भोपळा खोटा मानला होता आणि टाकी खरी. डॉक्टरांच्या खोलीत स्टुलावर बसून तिने आईचा आवाज जाणार हे ऐकलं होतं, दोन दिवसांनी दाराआडून त्याच्यावरचा उपायही ऐकला होता, आणि कुणाला न सांगता कामाला लागली होती. दहा दिवस. दारात बोट सापडलं तेव्हासुद्धा तिने एक थेंब सांडू दिला नव्हता. आईच्या तोंडावर हात ठेवला तोही साठवलेलं सांडू नये म्हणूनच.

पोर बरी आहे, हे कळल्यावर रेश्माला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं, ते क्षणभरच. मग दुसरीच भीती भरली. उद्या आवाज गेलाच, शंभरातल्या त्या दोघाचौघांत आपण निघालो, तर ही काय समजेल? कुठेतरी गळलं. झोपेत मी बोलले असेन. शिंकले असेन. माझ्यामुळे आईचा आवाज गेला. आणि हे ती कुणाला सांगणारही नाही, आयुष्यभर मनात ठेवेल. आवाज जायचा तर जाऊ दे, पण हे आजच्या आज पोरीच्या डोक्यातून निघालं पाहिजे, असं तिला वाटलं आणि ती उठली.

प्रियदर्शनी पिंपापाशी उकिडवी बसून पाण्याची पातळी बघत होती. रेश्माने तिच्यासमोर जमिनीवरच बैठक मारली आणि तो कागद पुढे धरला. पोरीचा चेहरा पडला. चोरी पकडल्यासारखी ती खाली बघू लागली. रेश्माने तिला जवळ घेऊन समजावलं. ते पुस्तक होतं, गोष्ट होती, कुणीतरी घरी बसून लिहिलेली. आवाजाची टाकी नसते. तुझा आवाज तुझा, माझा माझा.

प्रियदर्शनीने सगळं ऐकून घेतलं. मग पेन्सिल आणली आणि कागदाच्या मागे लिहिलं, ‘तू म्हणालीस खरं आहे.’

वीस वर्षं रेश्मा मतं देत आली होती, आणि आपल्या मतावर कुणी इतका विश्वास ठेवला की काय होतं, हे तिने पहिल्यांदाच बघितलं. मी चुकले, असं तिने सांगून पाहिलं. पोरीने संशयाने बघितलं. आईचं मत चुकतं, हे तिला आजवर कुणी शिकवलं नव्हतं, आईने तर नाहीच. आज म्हणते खोटं, त्या दिवशी म्हणत होती खरं, यातलं कुठलं धरायचं? उद्या ऑपरेशन आहे म्हणून आई आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतेय, हे त्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

नळी पिंपातच सोडून केराबाई मघापासून ऐकत उभ्या होत्या. त्यांना कादंबरी ठाऊक नव्हती, ग्रह ठाऊक नव्हता. पाणी मात्र ठाऊक होतं. त्यांनी कागद हातात घेतला, चित्र बघितलं आणि नातीशेजारी टेकल्या.

‘ह्ये काय काढलंयस तू, पिंप? आगं, गळा म्हंजी काय पिंप हाय व्हय? पिंपात पानी भायरनं येतंय. गळ्यात आतनं येतंय. ती हीर हाय, बाय. आपल्या मळ्यातली हीर बघितलीस न्हवं तू? तुजा आजा मेंढरं घिऊन कोकणाकडं ग्येला, तवा दोन सालं कुनी उपसलीच न्हाय तिला. वाटलं, पानी साठंल. कुटलं साठतंय? झरं बुजलं की. पानी हिरवं पडलं, वास माराया लागलं. हीर रोज उपसावी लागती. जेवडी उपसशील तेवडी भरती.’

प्रियदर्शनी आजीकडे टक लावून बघत होती. विहीर तिने बघितली होती. वास तिला आठवत असावा, कारण तिचं नाक आक्रसलं. तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला. आत काही बुजलं तर नाही ना, असं चाचपत असल्यासारखा. मग तिने आईच्या गळ्याला हात लावला, गाठीवर, अगदी हळू.

मागे पिंप काठोकाठ भरून वाहू लागलं, पाणी मोरीत धो धो सांडायला लागलं, आणि त्या घरात पहिल्यांदाच कुणी उठलं नाही.

‘आई,’ प्रियदर्शनी म्हणाली. आवाज दहा दिवसांच्या बंद खोलीतून आल्यासारखा खरखरीत होता. ‘आणि तरी गेला तर?’

रेश्माच्या तोंडी ‘नाही जाणार’ हे शब्द आले होते. ते तिने गिळले. खोटं सांगून आधीच पुष्कळ घोळ झाला होता.

‘जाईल कदाचित,’ ती म्हणाली. ‘डॉक्टरांनी सांगितलं ते तू ऐकलंयस. पण गेला तर त्या नसेमुळे जाईल. तुझ्या बोलण्यानं नाही आणि गप्प बसण्यानं पण नाही. हे माझं मत नाही, प्रिया. हे खरं आहे.’

‘आज्जी, खरंय?’

‘व्हय,’ केराबाई म्हणाल्या आणि नळ बंद करायला उठल्या.

त्यानंतर प्रियदर्शनी मोठ्याने रडली, दहा दिवसांचं, बोटाचंसुद्धा. धनाजी बाहेरून रिपोर्टच्या झेरॉक्स घेऊन येत होता. जिन्यातच त्याने ते ऐकलं आणि चपला न काढता धावत आत आला. मायलेकी ओल्या फरशीवर बसून रडताहेत आणि केराबाई पदराने डोळे पुसताहेत, हे बघून तोही खाली बसला. काय झालं ते त्याला कुणी तासभर नीट सांगू शकलं नाही.

गुरुवारी सकाळी रेश्माला स्ट्रेचरवरून आत नेलं. भीती गेली नव्हती. छतावरचे दिवे एकामागून एक मागे पडत होते आणि ती मनात एकच म्हणत होती की पोरीने बोलणं सोडू नये.

दुपारी तिला जाग आली तेव्हा गळ्याला पट्टी होती आणि तोंडाला कोरड. डॉक्टर येऊन सांगून गेले की गाठ साधीच निघाली. आवाजाचं मात्र आत्ताच सांगता येणार नाही, नस दुखावलेली आहे, आठवडे लागतील. बोलून बघू नका असं ते म्हणाले नव्हते, पण रेश्माने तोंड उघडलं नाही. तिला धीरच होत नव्हता. न बोलता तिने तासभर काढला, आणि लेकीने दहा दिवस कसे काढले असतील हे तिला तेव्हा समजलं.

मग दार लोटून प्रियदर्शनी आत आली. मागे केराबाई, धनाजी. पोर पलंगापाशी थांबली, पट्टीकडे बघत. आता टाळता येणार नव्हतं.

‘प्रिया,’ रेश्मा म्हणाली.

आवाज आलाच नाही. नुसती हवा आली, फाटकी, आणि तिच्यात कुठेतरी नावाचा तुकडा. चाळीस पोरांच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज पलंगाच्या काठापर्यंत कसाबसा पोचला. धनाजीने मान फिरवली.

प्रियदर्शनीचा चेहरा पांढरा पडला. तिचे ओठ मिटले, घट्ट, त्या दहा दिवसांसारखे. हेच ते, हेच घडायला नको होतं, आणि आता समजावून सांगायला रेश्माकडे आवाज उरलेला नव्हता. तिने नुसता हात पुढे केला.

पोरीने तो धरला. मग पलंगावर चढली, आईच्या कानाजवळ आली आणि शाळेत उत्तर सांगतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाली:

‘घाबरू नको. नळाला पण पहिलं गढूळच येतंय की. थोडा वेळ जाऊ द्यायचं असतंय. मग चांगलं येतं.’

आणि तोवर मी बोलते, असं सांगून ती बोलायला लागली.